बागेतली आगगाडी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

बागेत रूळ टाकून छोटी, मॉडेल आगगाडी चालवणाऱ्यांची ही पत्रे. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख पाण्याकडे आहे आणि गोव्यात ते साहजिकच आहे. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे पहिल्या उत्तराला जागा थोडी जास्त दिली आहे.

प्रश्न : फोंड्याजवळ आमचे घर आहे. अंगणाच्या कडेने, माड-पोफळींमधून ४५ मिमी गेजच्या (दोन रुळांतले अंतर) रुळांचा २८ मीटरचा फेरा आहे. मातीवर वाळू पसरून रूळ टाकले होते. जुलैत अर्धा मार्ग खचला, सांधे निसटले. आता नव्याने करताना काँक्रीट ओतावे का?

उत्तर : काँक्रीटची घाई नको. मार्ग खचण्याचे कारण वाळू आहे. आपल्या तांबड्या मातीत चिकणमातीचा अंश असतो. ती भिजली की मऊ पडते आणि गाडीच्या प्रत्येक फेरीबरोबर तिचा चिखल वाळूतून वर येतो. वाळूचे कण गोल असल्याने एकमेकांत अडकत नाहीत, ते पाण्याबरोबर वाहून जातात. टोकदार, फुटलेल्या खडीचे तसे होत नाही.

वेळापत्रक आधी ठरवा. भराव पावसाआधी घालायचा, रूळ पावसानंतर टाकायचे. एप्रिल-मेमध्ये घातलेल्या भरावावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. जिथे बसायचा तिथे तो बसेल, पाणी कुठे तुंबते तेही दिसेल. ऑक्टोबरात खळगे भरून मग रूळ टाका. एक हंगाम वाट पाहण्याने पुढची चार-पाच वर्षांची डागडुजी वाचते.

दोरी लावून मार्ग आखा आणि २५ सेमी रुंद, १५ सेमी खोल चर खणा. तळ एका बाजूला किंचित उतरता ठेवा. तळाशी आणि दोन्ही बाजूंना न विणलेले जिओटेक्सटाइल (पाणी झिरपू देणारे कापड) अंथरा, १५० ते २०० जीएसएमचे (चौरस मीटरला ग्रॅम) पुरते. प्लास्टिकचा कागद वापरू नका. तो पाणी अडवतो आणि चराचे गटार होते. त्यावर २० मिमी खडी १० सेमी, धुमसाने ठोकून. वर ६ मिमीची ग्रिट (बारीक खडी) आणि क्रशरची भुकटी मिसळून ५ सेमी, पाणी मारून पुन्हा ठोकायची. तुमच्या २८ मीटरला मोठी खडी ०.७ घनमीटर, म्हणजे पाव ब्रास लागेल, आणि बारीक त्याच्या निम्मी. ठोकल्यावर थर दबतो, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त मागवा.

समुद्रकाठची वाळू फुकट मिळाली तरी आणू नका. तिच्यात मीठ असतेच, शिवाय काळे लोहयुक्त कण असतात. इंजिनाच्या मोटारीतले चुंबक हे कण खेचून घेते आणि ते गिअरमध्ये जाऊन बसतात. खाणपट्ट्यातून येणाऱ्या खडीबाबतही हीच काळजी घ्या. मूठभर ग्रिट कागदावर पसरा, खालून चुंबक फिरवा. कण कागदावर सरकले तर तो माल परत करा.

पावसाचे पाणी अंगणातून ज्या वाटेने वाहते तिथे मार्गाखाली मोरी हवीच. ११० मिमीचे दोन पीव्हीसी पाइप शेजारी शेजारी टाका. एकच टाकला तर पहिल्याच सरीत आंब्याच्या पानांनी बुजतो. पाइपाच्या तोंडाशी चिऱ्याचे दोन तुकडे बसवले की माती ढासळत नाही. मार्ग पागोळ्यांच्या रेषेपासून निदान ६० सेमी दूर न्या. कौलांवरून पडणारी धार एकाच रेघेत भोके पाडत जाते आणि आठवडाभरात स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) उघडे पडतात. माडाच्या आळ्यातून मार्ग नेऊ नका आणि बुंध्यापासून दीड मीटर अंतर ठेवा. चुडत पडले तर उचलून टाकता येते, पण नारळ पडला तर पितळी रूळ वाकतो आणि वाकलेला रूळ पुन्हा नीट सरळ होत नाही.

आता काँक्रीट. पट्टी ओतायची तर पोफळीची मुळे आणि मातीची हालचाल तिला दोन-तीन वर्षांत तडे देतात, मग दुरुस्ती म्हणजे फोडाफोडी. खडीचा भराव खचला तर पाणसळ ठेवून, स्लीपरखाली ग्रिट सारून दहा मिनिटांत सरळ होतो. अंगणाचा एखादा कोपरा नेहमीच पाण्याखाली जात असेल तर तेवढ्या भागात चिऱ्यांचा एक थर रचून मार्ग उचला. तोही चुना-सिमेंटने घट्ट न जोडता नुसता मातीत बसवा, म्हणजे फटींतून पाणी निघून जाते.

रूळ टाकताना उन्हाचा हिशेब करा. पितळेचा एक मीटर रूळ दर अंशाला ०.०१९ मिमी वाढतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशांवर असलेला रूळ मेच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे १० मीटरला साडेसात मिमीहून जास्त वाढ. दीड मीटरचे रूळ सकाळच्या गारव्यात टाकत असाल तर प्रत्येक सांध्यात १ मिमी फट ठेवा. भर दुपारी टाकत असाल तर फट लागत नाही. आणि रूळ कुठेही खिळ्यांनी जखडू नका, खडीत तरंगते राहू द्या. दोन्ही टोके पक्की केली की मधला भाग सापासारखा वळतो.

प्रश्न : काणकोणला समुद्रापासून जवळ राहतो. पितळी रूळ, रुळातून वीज. दोन दिवस गाडी चालवली नाही की रूळ काळे-हिरवे पडतात आणि इंजिन आचके देते. स्टेनलेस स्टीलचे रूळ घ्यावेत का?

उत्तर : खाऱ्या हवेत पितळावर जो थर चढतो तो वीज नीट जाऊ देत नाही. चाक आणि रूळ यांच्यात ठिणगी पडते, ठिणगीने थर आणखी भाजतो. लांब दांड्याला हिरवा स्क्रबर बांधून रूळ घासता येतात (स्टील वूल मात्र नको, त्याचे तुकडे मोटारीत जातात), पण समुद्राजवळ हे काम रोजचे होते. स्टेनलेस स्टील काळे पडत नाही. मात्र त्याचा विद्युतरोध पितळेच्या साधारण दहापट असतो, त्यामुळे दर तीन-चार मीटरवर तारा जोडाव्या लागतात. शिवाय महाग आणि वाकवायला कठीण. तुमच्या जागी आम्ही रूळ आहेत तेच ठेवू आणि वीज इंजिनात बसवू, म्हणजे बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल.

साहित्य असे : चार लिथियम-आयन १८६५० सेल ओळीने जोडलेला पॅक (१४.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १६.८), क्षमता २६०० ते ३००० एमएएच, त्याला ८ ते १० अँपिअरचा बीएमएस (सेलचे रक्षण करणारे सर्किट), धन तारेवर, पॅकच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज, बंद-चालू बटण, चार्जिंगचे सॉकेट, २.४ गीगाहर्ट्झचा ट्रान्समीटर व रिसीव्हर. आणि ब्रश मोटारीसाठीचा, मागे-पुढे चालणारा स्पीड कंट्रोलर. इथे लोक हमखास फसतात. ड्रोनचा कंट्रोलर ब्रशलेस मोटारीचा असतो, तो चालत नाही. स्वस्त कंट्रोलर बरेचदा दोन किंवा तीन सेलपुरतेच असतात, १६.८ व्होल्ट लावले की जळतात. चार सेलची क्षमता स्पष्ट लिहिलेली असेल तरच घ्या.

सेल निवडताना तराजू वापरा. चांगला १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमचा असेल किंवा वर ५०००, ९९०० असा आकडा छापलेला असेल तर तो घेऊ नका.

जोडणीआधी चाकांकडून आणि रुळावर घासणाऱ्या पट्ट्यांकडून मोटारीला येणाऱ्या तारा पूर्ण तोडा आणि टोके झाका. त्या राहिल्या तर बॅटरीची वीज रुळात उतरते, आणि रुळांवर लोखंडी पकड पडली किंवा पॉइंटवर (मार्ग दोन वाटांना फुटतो तिथे) शॉर्ट झाला की फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर पॅक तापतो. इंजिनात जागा नसेल तर पॅक मागच्या डब्यात ठेवा. डबा त्याच्या वजनाने रुळाला चिकटून चालतो. रिसीव्हरची अँटेना मात्र धातूच्या छताखाली कोंबू नका.

लहान इंजिन सपाटीवर पाऊण ते एक अँपिअर घेते, म्हणजे एका चार्जिंगवर अडीच-तीन तास. गाडी उन्हातून आली की लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम-आयनसाठी ४५ अंश ही वरची मर्यादा आहे आणि काळे इंजिन उन्हात ती सहज ओलांडते. पावसाळ्यात पॅक अर्धा भरून ठेवा, एका सेलला ३.७ ते ३.८ व्होल्ट.

ज्यांना रुळातूनच वीज हवी त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सांध्यांवर स्क्रूचे क्लॅम्प बसवा, आत ग्रॅफाइटचे ग्रीस लावा आणि दर सहा-आठ मीटरला २.५ चौ. मिमीच्या तांब्याच्या तारेने वीज द्या. २४ व्होल्टचा पुरवठा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा घरात ठेवा, २३० व्होल्ट अंगणात उतरू देऊ नका, आणि त्या २३० व्होल्टच्या वायरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. मेअखेरीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की रुळांच्या तारा पुरवठ्यापासून सोडवून ठेवा.

प्रश्न : मुरगाव ते कॅसलरॉक हा जुना मीटर गेज मार्ग, दूधसागरसह, बागेत उभा करायचा आहे. जागा ४ बाय ११ मीटर. कोणती मोजपट्टी, म्हणजे मॉडेलचे कोणते प्रमाण (स्केल) घ्यावे?

उत्तर : १:२२.५. मीटर गेजचे १००० मिमी २२.५ ने भागले की ४४.४ येतात आणि बाजारात मिळणारा रूळ ४५ मिमीचा. याच हिशेबाने एलजीबी या जर्मन मॉडेल-रेल्वे ब्रँडने १९६८ मध्ये ही मापे रूढ केली. स्विस मीटर गेजची तयार इंजिने-डबे म्हणूनच या मापात मिळतात, त्यांच्या चाकांवर आणि बोगींवर आपली बांधणी चढवता येते. कोकण रेल्वेचा ब्रॉड गेज १६७६ मिमीचा. त्याला ४५ मिमीच्या रुळावर १:३७ लागते आणि त्या मापात तयार काही मिळत नाही. म्हणून तुमची मीटर गेजची निवड सोयीचीही आहे.

अडचण लांबीची आहे. मीटर गेजचा बोगी डबा साडेएकोणीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये ८७ सेमी. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असली की वळणावर तो शोभतो. तुमच्या ४ मीटर रुंदीत ते बसत नाही. डबा एक तृतीयांशाने आखूड करून ५८ सेमी करा आणि त्रिज्या पावणेदोन मीटर ठेवा. खिडक्यांची संख्या कमी करा, खिडकीचे माप बदलू नका, म्हणजे आखूडपणा डोळ्यांत भरत नाही. दूधसागरचे ३१० मीटर या मापात पावणेचौदा मीटर होतात, त्यामुळे धबधबा अर्थातच प्रतीकात्मक. धबधब्यावरच्या कमानींच्या पुलाला मात्र पूर्ण माप द्या. घाटाची ओळख त्याच पुलाने होते.

कुळें ते कॅसलरॉक ब्रागांझा घाटाचा चढ ३७ ला १ आहे. तोच ठेवता येईल : मीटरला २७ मिमी. खालच्या मार्गावरून जायला रूळ २२ सेमी उचलायचा तर सव्वाआठ मीटर चढ हवा, शिवाय चढाच्या दोन्ही टोकांना ६० सेमीचा हळूहळू वळणारा भाग. तो वगळला तर इंजिनाची पुढची चाके रूळ सोडतात. अशा चढावर, त्यात वळण असेल तर, चारचाकी इंजिन तीन-चार डब्यांपुढे घसरते. घाटात मागून लावतात तसे मागे दुसरे इंजिन लावा. दोन्ही एकाच जातीची असावीत आणि ट्रान्समीटरच्या एकाच चॅनलवर बांधावीत, नाहीतर मागचे जास्त ढकलते आणि मधला डबा बाहेर पडतो.

थ्री-डी प्रिंटरवर डबे छापणार असाल तर पीएलए प्लास्टिक वापरू नका, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते आणि गडद रंगाचे छत उन्हात तेवढे तापते. एएसए घ्या.

प्रश्न : एकच डबा पुन्हा पुन्हा घसरतो. कारण कसे शोधावे?

उत्तर : आधी नोंद ठेवा. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा, बहुधा एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला. एकच डबा अनेक जागी घसरत असेल तर चाकांचा. फक्त मागे ढकलताना घसरत असेल तर कपलरचा (डबे जोडणाऱ्या आकड्याचा). तुमच्या डब्याच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर व्हर्नियरने मोजा, ते सुमारे ४० मिमी हवे. प्लास्टिकची चाके आसावर सरकून ३९ वर आली की पॉइंटच्या मध्यभागी चाक चुकीच्या वाटेने जाते. धातूची चाके बसवली तर वजनही खाली येते आणि हलक्या डब्यांचा अर्धा त्रास तिथेच संपतो. तरीही घसरला तर काचेवर ठेवून पाहा. चारही चाके टेकत नसतील तर बोगीचा स्क्रू पाव फेरा सैल करा.

प्रश्न : पावसाळ्यात गोगलगायी आणि मुंग्या रुळांवर येतात. औषध मारावे का?

उत्तर : गोगलगायीसाठी मीठ टाकू नका, रूळ आणि झाडे दोन्ही खराब होतात. संध्याकाळी हातमोजे घालून वेचा. मुंग्या पॉइंटच्या मोटारीच्या डब्यात घर करतात, तारेच्या भोकाला सिलिकॉन भरा. लाकडी स्लीपर असतील तर वाळवीसाठी वर्षातून एकदा खडी बाजूला करून पाहणे एवढाच खात्रीचा उपाय.

प्रश्न : गॅसवर चालणारे खरे वाफेचे इंजिन घेतले आहे. आपल्या हवेत ते चालवताना काय वेगळे करावे?

उत्तर : गॅसपासून सुरुवात करू. थंड देशांत ब्युटेनमध्ये प्रोपेन मिसळलेला डबा वापरतात, कारण तिथे नुसत्या ब्युटेनला दाब येत नाही. आपल्याकडे ३३ अंशांत शुद्ध ब्युटेनला पुरेसा दाब असतो. मिश्रणाने तो नको इतका वाढतो, ज्योत भडकून फरफरते. डब्यावर फक्त ब्युटेन लिहिलेले पाहा. घरगुती सिलिंडरमधला गॅस हे मिश्रणच आहे. तो भरण्याचा प्रयत्नही करू नका.

पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड हवे. बोअरवेलच्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसतो. डीआयोनाइज्ड पाणी पितळेच्या भागांना हळूहळू खाते, म्हणून तेही टाळा. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्या.

क्रम मोडू नका. ल्युब्रिकेटरमध्ये (तेलाच्या कुपीत) साठलेले पाणी सिरिंजने काढून त्यात स्टीम ऑइल भरा. साधे इंजिन ऑइल वाफेत टिकत नाही. मग बॉयलरमध्ये पाणी, इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेली वरची जागा रिकामी सोडून. शेवटी गॅस, मोकळ्या हवेत, जवळ समई-उदबत्तीसुद्धा नसताना. वाफेचा रेग्युलेटर बंद ठेवून पेटवा आणि गॅसची कळ अगदी थोडी उघडा. उन्हात ज्योत दिसत नाही, कानाने ओळखावी लागते : सौम्य घरघर म्हणजे ठीक, शिट्टी किंवा गर्जना म्हणजे गॅस जास्त. म्हणून पेटवणी सावलीतच करा. गॅस पाण्याआधी संपेल अशी टाकी आखलेली असते. त्यामुळे पाणी न भरता पुन्हा गॅस भरणे म्हणजे बॉयलर कोरडा जाळणे. ही एक चूक इंजिन कायमचे संपवते.

उतारावर वाफेचे इंजिन आपोआप वेग घेते, रेडिओ कंट्रोल नसेल तर मार्ग सपाट असलेलाच बरा. मार्च ते मे काजूची वाळलेली पाने मार्गाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर झाडून घ्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. वाफेचा पांढरा लोट पाहायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीची पहाट किंवा पाऊस उघडल्यानंतरची ओली सकाळ निवडा, भर दुपारी वाफ दिसतच नाही.

प्रश्न : चवथीला गणपतीभोवती पाच दिवस गाडी फिरवायची आहे. बागेतलेच रूळ आत आणावेत का?

उत्तर : आणा, पण आधी धुऊन वाळवा, रुळांबरोबर आलेली बारीक खडी फरशीवर चरे पाडते. ६० सेमी त्रिज्येचे बारा तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होते. सव्वा मीटर रुंदीच्या चौरंगाभोवती ते बसणार नाही, मध्ये ३० सेमीचे सरळ तुकडे घालून लांबवा. खाली पातळ रबरी चटई घाला, आवाजही कमी होतो. गालिचा नको, त्याचे धागे आसांना गुंडाळतात. रूळ माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) थेट खाली नेऊ नका, पिकलेली फळे गळतात आणि त्यांचा चिकट रस चाकांवर बसतो. समईपासून हातभर अंतर ठेवा, तेलाचा थेंब रुळावर पडला तरी इंजिन जागच्या जागी फिरत राहते. वीस मिनिटे गाडी चालवली की दहा मिनिटे थांबवा आणि रोज रात्री चाकांवरचे अक्षता-फुलांचे कण स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. समई विझल्यावरच स्पिरिटची बाटली उघडा.